एक नग कळशी

रिटायर झालेल्या नवऱ्याला घरात ठेवावं की बाहेर, हा प्रश्न शरणम्मानं पंधरा दिवसांत निकाली काढला. सिद्रामप्पा उदगीरच्या ठेसनात तेहतीस वर्षं पार्सल बाबू होते. नोकरी संपवून झरेवाडीला घरी आले, आणि पंधराव्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघरातल्या डब्यांना चिठ्ठ्या चिकटवायला घेतल्या. तूर. हरभरा. मीठ. शरणम्माला वाचता येत नव्हतं, पण कोणत्या डब्यात काय आहे हे तिला झाकण न उघडता कळत होतं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "अवो, गावात लई माणसं बिनचिठ्ठीची फिरून राहिलीत. त्यांना लावा जावा."

बायकोचं बोलणं मनावर घ्यायचं नसतं हे तेहतीस वर्षांत कळायला हवं होतं. पण सिद्रामप्पांची तेहतीस वर्षं उदगीरला गेली होती. त्यांनी ते मनावर घेतलं. पेपरात आलंच होतं, की प्रौढांना लिहायला-वाचायला शिकवायला गावोगाव स्वयंसेवक पाहिजेत. सिद्रामप्पांनी कोट चढवला, उन्हाळ्यात, आणि अर्ज करायला निघाले.

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती, तरी लोक त्याला नवा जिल्हाच म्हणत. नवी सून जशी पहिलं मूल होईपर्यंत नवीच असते, तसं. पाऊसही त्या चार वर्षांत नव्या सुनेसारखाच वागत होता. येतो येतो म्हणून माहेरी राहायचा. त्या साली तर झरेवाडीचा झरा, विहीर आणि सरपंचांची आश्वासनं असं सगळंच आटलं होतं. रोज दुपारी टँकर यायचा, तो येईपर्यंत घागरी रांगेत बसायच्या.

ऑफिसातल्या कारकुनानं अर्ज उलटून पालटून पाहिला.

"शिकणाऱ्यांच्या सह्या कुठायत?"

"साहेब, सही येत नाही म्हणून तर शिकायचंय."

"मग अंगठे घ्या. आणि अंगठेवाला खरंच निरक्षर आहे असा प्रत्येकाचा दाखला जोडा. उद्या शिकलेली माणसं घुसली तर जबाबदार कोण?"

सिद्रामप्पांना हे पटलं. मालाची खात्री केल्याशिवाय त्यांनीही कधी पार्सल घेतलं नव्हतं. ते गावात परतले आणि बावीस बायकांचे निरक्षर असल्याचे दाखले सरपंचांकडून घेतले. सरपंचांनी ते आनंदानं दिले; त्यांना सही करायला फार आवडायचं, कारण तेवढंच येत होतं.

मग सामान. पाट्या जुन्या जिल्ह्याच्या यादीत निघाल्या आणि पेन्सिली नव्या जिल्ह्याच्या. पाट्यांसाठी एक एसटी, पेन्सिलींसाठी दुसरी. फळा मिळाला, तर त्याची घोडी तिसऱ्याच खोलीत कुलपात होती आणि त्या कुलपाचा माणूस रजेवर. पुस्तकं म्हणे वाटेत होती. कोणत्या वाटेत, हे विचारायला सिद्रामप्पा तीनदा गेले. पार्सलात हयात घालवलेल्या माणसाला "वाटेत आहे" हे ऐकवणं म्हणजे न्हाव्याला "जरा थांब, केस वाढून राहिलेत" म्हणण्यासारखं आहे. त्यांनी स्वतः ते वाक्य हजारो लोकांना ऐकवलं होतं. त्याचा अर्थ त्यांना ठाऊक होता.

वर्ग सुरू झाला मारुतीच्या देवळात, दिवेलागणीला. पहिल्या आठवड्यात एकच विद्यार्थी आला. शेजारचे शेषेराव. ते सातवी पास होते. पण सरकारी कंदिलाचा उजेड चांगला पडतो म्हणून तंबाखू निवडायला येऊन बसायचे, आणि निवडता निवडता सल्ला द्यायचे.

"आप्पा, आधी भजन ठेवा. भजनाला बाया येतेत. मग हळूच अ आ काढायचा."

भजन ठेवलं. बाया आल्या, भजन म्हणाल्या आणि अ आ निघायच्या आत गेल्या.

"आप्पा, शेंगदाणे वाटा."

शेंगदाणे वाटले. पोरं आली. शेंगदाणे संपले, पोरं गेली.

"मग असं करा," शेषेराव म्हणाले, "बंद करा. तुमचा काय पगार चालू हाय?"

हा सल्ला सिद्रामप्पांना लागला. त्या रात्री ते जेवले नाहीत. म्हणजे भाकरी खाल्ली, ठेचा खाल्ला, पण ताक घेतलं नाही. शरणम्मानं ते बरोबर ओळखलं.

"बाया देवळात कशाला येतील?" ती म्हणाली. "सकाळी रोजगार हमीवर खडी फोडतेत, सांजच्याला चुलीपुढं बसतेत. त्यांना बसायला टाइम एकच. टँकरची रांग. गिऱ्हाईक असंल तिथंच पार्सल धाडत होता न्हवं? तसंच हाय हे. गिऱ्हाईक तिथं बसलंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी सिद्रामप्पा फळा डोक्यावर घेऊन विहिरीवर हजर. घोडी नव्हतीच, म्हणून फळा बाभळीला टेकवला.

रांगेत घागरी, कळश्या, हंडे होते. ज्यांच्याकडे भांडं जास्तीचं नव्हतं त्यांनी दगड ठेवून नंबर धरला होता. बाभळीच्या सावलीला बाया. मधोमध सरजाबाई, म्हणजे गावातलं मोठं घर. तिच्या माहेरच्या श्रीमंतीशिवाय दुसरा विषय तिला येत नसे. तिच्या शेजारी चांगुणा, जिचा नवरा एके काळी पैलवान होता आणि अजून तेच सांगत होता. आणि थोडी बाजूला पंचफुला. बौद्धवाड्यातली, चाळिशीची, खडी फोडून हात दगडाचे झालेले आणि जीभ त्याहून धारदार.

"आप्पा, फळा पाण्याला लावता का नंबरला?" तिनं विचारलं.

"शिकवायला आलो. अ पासून सुरू करू."

"मला भ पासून पाहिजे."

"भ लई लांब आहे, बाई. आधी क ख ग घ…"

"टँकर यायच्या आत भ येईल का?"

सिद्रामप्पांनी शिस्तीचं महत्त्व समजावलं. मालगाडीत डबे ओळीनं असतात, मधलाच डबा काढता येत नाही. पंचफुलानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझ्या मायचं नाव भागीरथी. छप्पन्न साली मामा नागपूरला दीक्षेला गेला, येताना कळशी घेऊन आला, तिच्यावर मायचं नाव टाकून. आमच्या घरात नाव असलेली तेवढी एकच वस्तू. बहात्तरच्या दुष्काळात ती विहिरीत गेली. गाळातून भांडी निघाली तवा ज्यानं त्यानं उचलली. कळशी गावातच कुठं तरी हाय, आप्पा. शंभर कळश्या सारख्याच दिसतेत. मला वाचायचं न्हाई काही. मला ती हुडकायची हाय."

बहात्तरची गोष्ट सगळ्यांना माहीत होती. तेव्हा टँकर विहिरीतच पाणी ओतायचा आणि सगळं गाव, वरचं-खालचं न बघता, एकदमच दोर सोडायचं. दोर दोरात अडकायचे, भांडी खाली जायची. नंतर गळ टाकून, गाळ उपसून भांडी काढली, पारापुढं ढीग घातला आणि पोचे बघून वाटून घेतली. प्रत्येकावर टिंबं टिंबं पाडून नाव कोरलेलं होतं, पण तहानेच्या घाईत वाचणार कोण?

"मी तेव्हा उदगीरला होतो," सिद्रामप्पा छाती काढून म्हणाले. "मी गावात असतो तर एक नग बेवारस गेला नसता."

हे वाक्य त्यांनी त्या महिन्यात निदान अकरा वेळा म्हटलं. ते लक्षात ठेवावं.

तर भ आधी आला. आणि एकदा भ आला म्हटल्यावर सगळ्यांनाच आपापलं अक्षर पाहिजे होतं. पुस्तकं नव्हतीच, म्हणून सिद्रामप्पांनी आपली विद्या वापरली. मालावर जे लिहिलंय ते वाचा! बाया आपापल्या घागरी पुढं ओढून पोटावरची टिंबं वाचायला लागल्या. तीन आठवड्यांत रांग घुमायला लागली. असा वर्ग नव्या जिल्ह्यात नव्हता, आणि जुन्यातही नसावा.

तोवर सगळं छान चाललं होतं.

एका मंगळवारी सरजाबाईनं आपली मोठी पितळी घागर, जी माहेरहून बैलगाडीत कशी आली ते गावाला पाठ होतं, ती मांडीवर घेतली आणि बोट फिरवत वाचलं, "तु… ळ… सा… बा… ई."

"तुळसाबाई तर माझी सासू!" चांगुणा उभी राहिली.

"तुझी सासू माझ्या माहेरी कवा गेली होती?"

"माहेराला न्हाई, विहिरीला गेली होती! आण इकडं!"

घागरीची दोघींच्या मधे ओढाताण झाली आणि शेवटी चांगुणानं ती घेतलीच. मग चांगुणानं सासूची घागर मिळवल्याच्या जोरात घरून नवऱ्याचा तांब्या आणला. देवणीच्या फडात कुस्ती मारून जिंकलेला, वीस वर्षं कोनाड्यात मिरवलेला. तिनं भर रांगेत मोठ्यानं वाचलं, "ब… हि… णी… च्या… ल… ग्ना… त." पैलवान चार दिवस घराबाहेर पडला नाही.

मग काय, आग लागली. चौदा वर्षं ज्या भांड्यांनी मुकाट्यानं पाणी भरलं ती बोलायला लागली. सुना सासवांची भांडी वाचायला लागल्या, सासवा सुनांची. एकीच्या हंड्यावर दुसरीचं नाव, दुसरीच्या परातीवर तिसरीच्या मामाचं. शेषेराव म्हणाले, "आप्पा, आता खरंच बंद करा. गाव अंगठेबहाद्दर होतं तवा सुखात होतं."

पण सिद्रामप्पांना आयुष्यात पहिल्यांदा आपण नेमके कशासाठी जन्मलो ते कळलं होतं. पारावर टेबल मांडून त्यांनी जाहीर केलं, "माल मालकाला! ज्याचं नाव त्याचा नग!" उदगीरहून आणलेलं जुनं कोरं पावतीबुक त्यांनी बाहेर काढलं. भांडं द्या, पावती घ्या. पावतीवर सही पाहिजे, अंगठा चालणार नाही. भांडं परत मिळावं म्हणून चाळीस-पन्नास वर्षांच्या बायांनी आठ दिवसांत सह्या शिकून घेतल्या. ऑफिसच्या योजनेत हे कुठंच लिहिलेलं नव्हतं.

पंचफुला रोज पारावर यायची. येईल ती कळशी फिरवायची, पोट वाचायची, खाली ठेवायची. एकतीस कळश्या झाल्या. भागीरथी नव्हती.

"आप्पा," एका दिवशी ती म्हणाली, "सगळ्या घरांची भांडी आली. तुमच्याच घरची न्हाई आली."

"माझ्या घरात?" सिद्रामप्पांनी चष्मा काढला. "पंचफुला, मी पार्सल बाबू. माझ्या घरातली एकेक वस्तू माझ्या नावाची आहे. माझ्या घरात बेवारस माल सापडला तर मी मिशी उतरवीन."

घरी शरणम्मालाही त्यांनी हे सांगितलं. तिनं चुलीत फुंकर मारली. "माझ्या भांड्याला कुणी हात लावायचा न्हाई. मी काय शिकले न्हाई म्हणून चोर हाय?"

झालं, विषय संपला.

आणि मग ऑफिसातून कागद आला. मोठे साहेब वर्गाची तपासणी करणार. किमान दहा जणींना वाचता आलं नाही तर वर्ग बंद, पाट्या जमा, कंदील जमा.

गुरुवारी जीप आली. टँकर आला नव्हता. उन्हानं जीपसुद्धा धापा टाकत होती, आणि साहेबांनी उतरल्या उतरल्या पाणी मागितलं. सगळी रांग आपापल्या कोरड्या भांड्यांकडं बघायला लागली. सिद्रामप्पांची अब्रू गेल्यातच जमा होती. तेवढ्यात, नवऱ्याची अब्रू म्हणजे आपलीच असं मानणारी शरणम्मा घराकडं गेली आणि देवघरातली तांब्याची कळशी घेऊन आली. चिंचेनं घासून लख्ख केलेली, वर पेला. कालच्या टँकरचं शेवटचं पाणी होतं ते. देवाच्या पूजेसाठी ठेवलेलं. सिद्रामप्पा सुट्टीला घरी आले की, आणि रिटायर झाल्यापासून तर रोज, सकाळी अंघोळ करून याच कळशीतल्या पाण्यानं शिवपूजा करायचे, आज चौदा वर्षं.

साहेब तीन पेले प्यायले. तजेला आला. "हं, पुस्तकं काढा."

"पुस्तकं वाटेत आहेत, साहेब."

"कुठून यायची?"

"तुमच्याच ऑफिसातून."

साहेबांनी विषय बदलला. "बरं, काहीही वाचा. समोर जे असेल ते. कोण वाचतं?"

सगळ्यांनी पंचफुलाला पुढं ढकललं. ती सगळ्यांत पक्की होती. ती साहेबांच्या टेबलापाशी आली. टेबलावर कागद नव्हता. कळशी होती. महिनाभराच्या सवयीनं तिचा हात गेला आणि तिनं कळशी अर्धा फेरा फिरवली. देवघरात ती बाजू कायम भिंतीला असायची, कारण त्या बाजूला पोचा होता.

"भा… गी…" पंचफुला थांबली. तिचं बोट थांबलं नाही. "…र… थी… स."



"शाब्बास," साहेब म्हणाले. "पुढं?"

"पुढं माझा मामा हाय, साहेब."

"म्हणजे?"

"मा… रु… ती… कडून. ना… ग… पू… र." सालाचे आकडे तिला वाचायची गरज पडली नाही. तिनं दोन्ही हातांनी कळशी धरली होती, जशी लेकराला आंघोळ घालताना धरतात.

साहेबांनी वहीत 'वाचन उत्तम' असं लिहिलं. त्यांना बाकीचं काही कळलं नव्हतं. बाकी सगळ्यांना कळलं होतं. सगळी रांग सिद्रामप्पांकडं बघत होती, आणि त्यातल्या बऱ्याच जणी मिशीकडं.

सिद्रामप्पांच्या डोक्यातून चौदा वर्षं मालगाडीसारखी डबा डबा करत गेली. सुट्टीच्या दर सकाळी हातात धरलेली कळशी. दर वेळी त्या टिंबांवरून फिरलेली बोटं. आपण गावात असतो तर एक नग बेवारस गेला नसता, असं अकरा वेळा सांगितलेला माणूस. वाचता येत होतं. वाचलं नव्हतं. वाचायची गोष्ट म्हणजे कागद, आणि भांडी बायकोची, असा त्यांचा हिशेब होता.

शेषेराव जवळ सरकले आणि कानात म्हणाले, पण त्यांचा कानातला आवाज वेशीपर्यंत जायचा. "आप्पा, चौदा वर्षं पूजेला… त्या घरची कळशी…"

उत्तर शरणम्मानं दिलं. "मग? चौदा वर्षांत दोन नातू झाले, ह्यांची विजापूरची बदली रद्द झाली, माझी कंबर सुधारली. देवानं पाणी घेतलं का न्हाई? देवाला वाचता येतं, शेषेराव. त्याला पयल्या दिवसापासून ठावं आसंल कळशी कुणाची ती." मग ती पंचफुलाकडं वळली, आणि तिचा आवाज जरा खाली आला. "बाई, ढिगातून मीच उचलली. माझी बी तशीच होती. देवाशपथ."

"ठावं हाय, काकू," पंचफुला म्हणाली. "तुमच्या देवघरात होती म्हणून तरी धड राहिली. आमच्याकडं असती तर तवाच्या दुष्काळात भुकेपायी मोडीत गेली असती."

सिद्रामप्पा उठले. "साहेब, जरा थांबा. तपासणी नंतर. आधी डिलिव्हरी."

त्यांनी पावतीबुक काढलं, कार्बन घातला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: 'एक नग कळशी. तांब्याची. पोचा एक. चौदा वर्षे विलंब. विलंबाचे कारण: कर्मचाऱ्याने नाव वाचले नाही.' खाली स्वतःची सही केली, तीच ती लफ्फेदार, रेल्वेची. पुस्तक पंचफुलापुढं सरकवलं.

पंचफुलानं पेन घेतलं. खडी फोडणारा हात कागदावर जपून उतरला. 'पंचफुला' लिहिलं. मग थोडा विचार करून त्याच्याखाली लिहिलं, 'भागीरथीची'.

"आप्पा," पेन परत देताना ती म्हणाली, "रेल्वेत बी असंच पोचवत होता का?"

रांग जी हसली ती जीपच्या ड्रायव्हरपर्यंत हसली. साहेबही हसले, कशाला ते न कळता. सिद्रामप्पांनीही हसून घेतलं. आपल्यावर हसणाऱ्यांत सामील झालं की मान निम्मीच जाते, हे त्यांना तिथं समजलं.

पंचफुला कळशीतलं उरलेलं पाणी पेल्यात ओतायला लागली. "पाणी तुमचं हाय, काकू. काढून घ्या."

टँकर अजून आला नव्हता. घरात दुसरं थेंबभर पाणी नव्हतं. शरणम्मानं पेला हातानं झाकला.

"राहू दे. लेकीच्या हातात कळशी भरलेली देतेत. रिकामी देत न्हाईत."

पंचफुलानं कळशी कमरेवर घेतली आणि निघाली, आणि रांगेतल्या बाया तिला वाट द्यायला आपल्या घागरी बाजूला घेत गेल्या. नंबर मोडतो म्हणून एकीनंही आवाज केला नाही.

वर्ग चालू राहिला. पुस्तकंही दिवाळीत आली. ती तिसरीच्या भूगोलाची निघाली, आणि तोही जुन्या जिल्ह्याचा. मिशी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी उतरवावी लागली. पारावर न्हाव्याला बोलावून, सगळ्यांसमक्ष. शेषेरावांनी आरसा धरला.

त्याच दुपारी सिद्रामप्पा फळा घेऊन विहिरीवर पोचले, तर बाभळीखाली सगळ्यांत पुढं शरणम्मा मांडी घालून बसलेली. मांडीवर पाटी.

"तू?" ते म्हणाले. ओठावर वारा लागत होता, त्यामुळं आवाजही उघडा पडल्यासारखा वाटत होता.

"मला 'सि' शिकवा."

"अ पासून…"

"सि." तिनं पेन्सिल थुंकीनं ओली केली. "घरातली एकेक वस्तू तुमच्या नावाची हाय म्हणता न्हवं? बघते किती हायेत ती."

सिद्रामप्पांनी फळ्याकडं तोंड केलं. खडू उगाच फळ्याच्या कडेवर घासत राहिले. गेल्या रात्री त्यांनी घरातली उरलेली सगळी भांडी एकेक करून फिरवून पाहिली होती. यावेळी नीट वाचली होती. परातीपासून पळीपर्यंत, सगळ्यांवर एकच नाव होतं. सासऱ्याचं.